माझे निदान खरे कशावरून?

खरिपाची पिके निघू लागली, की आपल्या धाराशिव जिल्ह्यात एक शब्द पारावर, एस. टी. स्टँडवर, अगदी शाळेच्या ओसरीवरही ऐकू येऊ लागतो : पैसेवारी. जुनी माणसे तिला अजून आणेवारीच म्हणतात. गावासाठी पिकाचे जे प्रमाण उत्पन्न धरलेले असते ते एक रुपया मानायचे आणि यंदाचे उत्पन्न त्या रुपयात किती पैसे भरते ते काढायचे, असा हा हिशेब. आकडा पन्नास पैशांच्या खाली उतरला, की गाव टंचाईचे समजले जाते. दुष्काळ जाहीर झाला, की जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, विद्यार्थ्यांना परीक्षा फी माफ अशा सवलती येतात.

आता समजा, एका गावाचा आकडा ४९ आला आणि शिवेपलीकडच्या गावाचा ५१. पाऊस दोन्ही गावांवर सारखाच रुसलेला. तरी एक गाव रेषेच्या आत, दुसरे बाहेर. ४९ च्या गावात एखाद्याच्या विहिरीला अजून हातभर पाणी असते. तो मनाशी म्हणतो, "आमच्याकडं खरंच दुष्काळ आहे का? का आम्ही उगीचच सवलत घेतोय?" या शेतकऱ्याच्या मनातला प्रश्न ध्यानात ठेवा. तोच प्रश्न आज आपल्याला अगदी वेगळ्या ठिकाणी भेटणार आहे.

उमरगा तालुक्यातल्या एका खेड्यात राहणारी, दहावीत शिकणारी एक मुलगी कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. तिच्या घरी काळ्याभोर उस्मानाबादी शेळ्या आहेत. प्रत्येक शेळीच्या तीन पिढ्या तिला तोंडपाठ आहेत : कोणती कोणाची, केव्हा व्याली, जुळी झाली की तिळी. नवरात्रात तुळजापूरला गेले, की संबळाचा आवाज आणि गर्दीचा रेटा तिला सोसत नाही. दोन्ही कान दाबून ती भिंतीला टेकून उभी राहते. घरी अचानक पाहुणे आले आणि दिवसाचा क्रम मोडला, तर तिला जेवण जात नाही. शाळेत मात्र ती कोणाला वेगळी वाटत नाही. याचे कारण तिने पाचवीत असतानाच एक युक्ती शोधली आहे. बाकावरची मैत्रीण केव्हा हसते, केव्हा मान डोलावते, कोणत्या वाक्यावर "अय्या" म्हणते, हे पाहून ती तसेच करते. संध्याकाळी घरी आली, की गोधडी डोक्यावरून घेऊन तासभर अंधारात पडून राहते. आई म्हणते, शाळेत दमते बिचारी.

सोलापूरच्या डॉक्टरांनी तिला दोन-तीन भेटींत तपासले, आईशी बराच वेळ बोलले आणि सांगितले, की ही स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. पहिले दोन महिने मुलीला हायसे वाटले. आपण आळशी नाही, तुसड्या नाही, याला काही नाव आहे! मग मामा आले. "हिला कुठं काय झालंय? चांगली तर बोलती," असे ते म्हणाले आणि तिच्या मनात किडा शिरला. मी डॉक्टरांना नकळत फसवले तर नाही? माझ्यापेक्षा किती तरी जास्त त्रास असलेली मुले मी तिथे पाहिली. मग मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ मागणे म्हणजे खोटेपणा नाही का?

ही शंका या एका मुलीची नाही. जगात ज्यांना मोठेपणी किंवा किशोरवयात हे निदान कळते, त्यांच्यापैकी अनेकांना ती येते. निदान चुकले आहे, अशी ही खूण समजायची काय? उत्तर शोधण्यासाठी निदान होते कसे, हे आधी पाहिले पाहिजे.

तपासणी नसलेला आजार?

कावीळ झाली की रक्त तपासतात. हाड मोडले की क्ष-किरणांनी छायाचित्र घेतात. स्वमग्नतेसाठी अशी एकही तपासणी आज उपलब्ध नाही. ना रक्ताची, ना मेंदूच्या छायाचित्राची. म्हणून काही जण म्हणतात, की ही सगळी मनाची समजूत आहे. पण तपासणी नाही म्हणजे गोष्टच नाही, हा तर्क चुकीचा आहे. १९७७ साली सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी इंग्लंडमध्ये जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासल्या. प्रत्येक जोडीत निदान एक तरी मूल स्वमग्न होते. एकाच बीजांडापासून झालेल्या, म्हणजे हुबेहूब सारख्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न निघाली. वेगवेगळ्या बीजांडांपासून झालेल्या १० जोड्यांत अशी एकही जोडी नव्हती. जोड्या थोड्या होत्या, पण अनुवंशाचा हात स्पष्ट दिसला, आणि पुढच्या मोठ्या अभ्यासांनी तो पक्का केला. आज शंभराहून अधिक जनुकांचा स्वमग्नतेशी संबंध आढळला आहे. बहुतेक माणसांत कोणतेही एक जनुक एकटे सगळे घडवीत नाही. म्हणूनच एक थेंब रक्त घेऊन "आहे" किंवा "नाही" असे सांगता येत नाही.

तेव्हा डॉक्टर पाहतात ते वर्तन आणि वाढीचा इतिहास. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली काढलेल्या निदान-पुस्तिकेत यासाठी अटी घातल्या आहेत. लोकांशी देवाणघेवाण करणे, नजर-हावभाव वापरणे व समजणे, नाती जुळवणे व टिकवणे, या तिन्ही बाबतींत सततची अडचण हवी. त्याखेरीज आणखी चारांपैकी किमान दोन गोष्टी हव्यात : त्याच त्या हालचाली किंवा शब्द, ठरलेल्या क्रमाचा आग्रह, एखाद्या विषयाचा फार खोल ध्यास, आणि आवाज-स्पर्श-प्रकाश वगैरेंचे फार जास्त किंवा फार कमी जाणवणे. हे सारे लहानपणापासूनचे हवे. त्यामुळे रोजच्या जगण्यात खरोखरीची अडचण होत असली पाहिजे. आणि हो, त्याच पुस्तिकेत हेही म्हटले आहे, की लहानपणची ही लक्षणे पुढे शिकून घेतलेल्या युक्त्यांनी झाकली जाऊ शकतात. मामांनी हे वाक्य वाचलेले नाही.

आपल्या देशात सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने एक मापनपट्टी तयार केली. तिचे नाव 'इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम'. २०१६ साली केंद्र सरकारने ती अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी स्वीकारली. तिच्यात ४० बाबी आहेत आणि प्रत्येकीला १ ते ५ गुण. म्हणजे कोणालाही ४० पेक्षा कमी गुण मिळूच शकत नाहीत! ही मला फार बोलकी गोष्ट वाटते. शून्यावर कोणीच नाही. एखाद वेळी नजर चुकवणे, एखादा आवाज न सोसणे, हे तुमच्या-माझ्यातही असते. ७० च्या खाली स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र.

६९ आणि ७०. आठवले ना ४९ आणि ५१?

शंकेचे एक मूळ इथे सापडते. लक्षणे सलग पसरलेली असतात, रेषा मात्र माणसाने मारलेली असते. रेषा माणसाने मारली म्हणून जमीन कोरडी नव्हती असे होत नाही. आणि रेषेजवळ उभ्या असलेल्याला दोन्हीकडचे दिसते, म्हणून त्याचा गोंधळ सर्वांत जास्त. (दृष्टांत फार ताणू नये. दुष्काळ येतो आणि जातो. स्वमग्नता मेंदूच्या घडणीतच असते. शिवाय दुष्काळात नुसती उणीव असते. शेळ्यांच्या तीन पिढ्या लक्षात ठेवणे ही काही उणीव नव्हे.)

रेषा स्थिरही नसते. २०१६ साली केंद्राने दुष्काळ ठरवण्याची नवी नियमावली आणली. तिच्यात पाऊस, जमिनीतली ओल, उपग्रहातून दिसणारी हिरवळ असे बरेच निकष आले. २०२३ साली राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या आठांपैकी धाराशिव, वाशी आणि लोहारा हे तीन तालुके यादीत होते. मग इतर ठिकाणच्या महसूल मंडळांसाठी 'दुष्काळसदृश' असा शब्द निघाला. स्वमग्नतेचीही अशीच कथा आहे. १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन केले, ८ मुलगे आणि ३ मुली. त्यांची रेषा फार आत होती. पुढे १९७९ साली लंडनच्या कँबरवेल भागातली मुले तपासून लोर्ना विंग आणि ज्युडिथ गोल्ड यांनी दाखवले, की कॅनर यांच्या वर्णनात न बसणारी, पण त्याच जातीच्या अडचणी असलेली मुले बरीच आहेत. तेव्हापासून रेषा बाहेर सरकत गेली. आपली मुलगी १९६० साली जन्मली असती, तर तिला बहुधा हे नाव मिळालेच नसते. तिचा गोधडीतला अंधार मात्र तेवढाच राहिला असता.

राशिभविष्य आणि निदान

आता शंकेची बाजू घेऊ, कारण शंका काही वेळा रास्त असते.

१९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे 'खास' स्वभाववर्णन लिहून दिले. ते कितपत जुळते याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६! मग फोरर यांनी गुपित फोडले. सर्वांना दिलेले वर्णन एकच होते, आणि त्यातली वाक्ये त्यांनी ज्योतिषाच्या एका पुस्तकातून घेतली होती. "तुम्ही वरून शांत दिसता, पण मनातून काळजी करता" अशा थाटाची वाक्ये कोणालाही लागू पडतात. हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. शिक्षकांनी जरूर करून पाहावा.

तेव्हा स्वमग्नतेची लक्षणे वाचून "अरे, हे तर माझेच वर्णन!" असे वाटले, तर तेवढा पुरावा पुरत नाही. राशिभविष्यात आणि निदानात फरक कोणता? राशिभविष्य कधी चुकूच शकत नाही. निदानाच्या पद्धतीला मात्र "नाही" म्हणता येते. मापनपट्टीवर ६० गुण आले, की उत्तर "नाही". लक्षणे बाराव्या वर्षी एकाएकी सुरू झाली असतील, तर उत्तर बहुधा "नाही, दुसरे काही पाहू या". ज्या पद्धतीला नाही म्हणता येते, तिच्या "होय"ला किंमत असते.

चाळणीचा हिशेबही करून पाहू. समजा, एक छोटी प्रश्नावली आहे. खरोखर स्वमग्न असलेल्या शंभरांपैकी ९० जणांना ती पकडते आणि स्वमग्न नसलेल्या शंभरांपैकी १० जणांना चुकून पकडते. (हे आकडे हिशेबापुरते घेतले आहेत.) ती एका मोठ्या शाळेच्या १००० मुलांना दिली. शंभरात एक स्वमग्न धरला, तर १० मुले स्वमग्न. त्यांतली ९ पकडली जातील. उरलेल्या ९९० पैकी ९९ उगीचच पकडली जातील. म्हणजे १०८ मुलांवर खूण झाली आणि खरी त्यांतली ९. बारांत एक! आता तीच प्रश्नावली अशा १०० मुलांना द्या, ज्यांना पालक-शिक्षकांनी पुष्कळ दिवस पाहून, अडचणी लक्षात घेऊन डॉक्टरांकडे आणले आहे आणि ज्यांच्यातली निम्मी खरोखर स्वमग्न आहेत. ५० पैकी ४५ बरोबर पकडली जातील, ५ चुकून. दहांत नऊ खरी. चाळणी तीच, पण तिच्यावर काय ओतले यावर अर्थ बदलला.

म्हणून फोनवरच्या प्रश्नावलीवरून स्वतःच काढलेल्या निष्कर्षावर शंका घेणे शहाणपणाचे आहे. चाळून झालेले धान्य आपण निवडतोच की. परंतु आपल्या मुलीचे निदान दोन-तीन भेटींत, आईची साक्ष काढून, लहानपणचा इतिहास विचारून झाले होते. ते निवडलेले धान्य होते.

निवडणाऱ्याची नजर कितपत भरवशाची? २०१३ च्या त्या पुस्तिकेसाठी अमेरिका आणि कॅनडात चाचण्या झाल्या. एकाच रुग्णाला दोन तज्ज्ञांनी वेगवेगळे तपासायचे आणि त्यांचे किती जुळते ते पाहायचे. नुसत्या योगायोगाने जुळेल तेवढेच जुळले तर आकडा शून्य, पूर्ण जुळले तर एक. स्वमग्नतेचा आकडा ०.६९ आला. प्रौढांतल्या तीव्र नैराश्याचा आला अवघा ०.२८. म्हणजे मनाच्या आणि मेंदूच्या निदानांमध्ये स्वमग्नतेचे निदान बरेच स्थिर आहे. पण ०.६९ म्हणजे एक नव्हे, हेही खरेच. बहिरेपणा, भाषेच्या वाढीतला दोष, सततची चिंता, लक्ष न टिकणे, एखाद्या भयंकर प्रसंगाचा मनावर राहिलेला आघात, यांची लक्षणे स्वमग्नतेसारखी दिसू शकतात, आणि काही तर तिच्या जोडीनेही असतात. चूक शक्य आहे. ती दुसऱ्या तपासणीने सापडते. रात्री जागून स्वतःला दोष दिल्याने सापडत नाही.

मुखवट्याची गंमत

शंकेचे सर्वांत चकवणारे मूळ म्हणजे त्या मुलीची युक्ती. मैत्रिणीकडे पाहून हसणे ती इतकी शिकली आहे, की आता तिला स्वतःलाच वाटते, "मला तर जमतेय!" यावर अलीकडे पुष्कळ अभ्यास झाले आहेत. स्वमग्न माणसे, विशेषतः मुली आणि स्त्रिया, इतरांसारखे दिसण्यासाठी असा मुखवटा घालतात, आणि त्याची किंमत थकव्याने व चिंतेने चुकवतात, असे त्यांतून दिसते. पूर्वी चार मुलांमागे एक मुलगी असे प्रमाण मानत. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ते तिनास एकच्या जवळ आले. बऱ्याच मुली नजरेतून निसटत होत्या. शेळ्यांचा ध्यास असलेल्या मुलीला खेड्यात कोण वेगळे म्हणेल? उलट कामसू म्हणून कौतुकच होईल.

तेव्हा प्रश्न "जमते का?" एवढाच नाही; "किती श्रमाने जमते?" हा आहे. चष्मा लावल्यावर फळा स्पष्ट दिसतो, म्हणून "मला चष्म्याची गरजच नव्हती" असे कोणी म्हणत नाही. जादा वेळेचा, शांत खोलीचा उपयोग झाला, की मात्र नेमके असेच म्हणण्याचा मोह होतो.

आपल्या मराठी नावाचाही यात थोडा दोष आहे, असे माझे मत. 'स्वमग्न' म्हटले, की स्वतःतच बुडालेला, इतरांची पर्वा नसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. मुलगी म्हणते, "मला तर मैत्रिणी हव्यात. मग मी स्वमग्न कशी?" मूळ शब्द ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी शतकापूर्वी, 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून केला, आणि तोही छिन्नमनस्कता या अगदी वेगळ्या विकारातल्या एका लक्षणासाठी! कॅनर यांनी तो उचलला आणि तो चिकटला. नावाचा अर्थ लावून निदान तपासू नये. उस्मानाबादी शेळी नगर-सोलापूरकडेही सापडते, आणि सगळ्याच काही काळ्या नसतात.

इतरांना आपल्याहून जास्त त्रास आहे, हा तिचा आणखी एक मुद्दा. तर पहिल्या निदानाचीच गोष्ट ऐका. कॅनर यांच्या ११ मुलांतला पहिला, डोनाल्ड ट्रिप्लेट, मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावात वाढला. मोठेपणी त्याने तिथल्याच बँकेत नोकरी केली, मोटार चालवली, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी प्रवास केला, आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी तो वारला. बँकेच्या टेबलाशी बसलेल्या त्या गृहस्थाला पाहून कोणी तरी "याला कुठं काय झालंय?" असे म्हणू शकले असते. जगातले पहिले निदान त्याचे होते.

आता त्या मुलीच्या मनातला गुंता सुटा करता येतो. त्यात तीन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. अडचण खरी आहे का? याचे उत्तर तिला स्वतःलाच सर्वांत चांगले माहीत आहे, आणि दोन आठवडे वही ठेवली तर ते कागदावरही येईल : केव्हा थकले, कोणत्या आवाजाने, कोणाशी बोलल्यावर. तिला दिलेले नाव बरोबर आहे का? हे तज्ज्ञाचे काम. कानांची तपासणी झाली आहे का, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत काय, हे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. आणि सवलत घ्यावी का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेचा २१ प्रकारच्या अपंगत्वांत समावेश केला आहे. प्रमाणपत्र देताना जिल्हा रुग्णालयातले वैद्यकीय मंडळ स्वतंत्रपणे तपासते. मुलीने फक्त खरे सांगायचे. तोलण्याचे काम त्यांचे. तिन्ही प्रश्न एकाच वेळी डोक्यावर घेऊन बसले, की एकाचेही उत्तर येत नाही.

शिक्षकांसाठी एक गोष्ट. "तू तर अगदी नॉर्मल वाटतेस" हे वाक्य कौतुकाने म्हटले जाते, पण मुलीला ते "तू खोटे बोलतेस" असे ऐकू येते. त्याऐवजी कोणत्या तासाला त्रास होतो, एवढेच विचारले तर माहितीही मिळते.

आपली मुलगी वही घेऊन, आईबरोबर, पुन्हा सोलापूरला जाते असे समजू. डॉक्टर आईला विचारतात, लहानपणी आवाजाचा कधी त्रास झाल्याचे आठवते का? आई आधी नाही म्हणते. मग थोड्या वेळाने सांगते, येरमाळ्याला येडाईच्या यात्रेत एकदा हलग्या वाजायला लागल्या, तेव्हा ही इतकी रडली, की ताप भरला. आम्हाला वाटले नजर लागली. मिठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली.

"तेव्हा वय काय असेल?" डॉक्टर विचारतात.

आई बोटांवर मोजते. "चार. चौथं लागलं होतं."

डॉक्टर तो आकडा कागदावर लिहून घेतात.